बारा वर्षांची दैना तीन महिन्यांत

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, असे आपले वाडवडील म्हणत आले. या म्हणीचा हेतू दुःखी माणसास धीर देण्याचा आहे, हे खरे. परंतु तीत शेतीची एक जुनी समजूतही दडलेली आहे. केरकचरा एकदा उकिरड्यावर टाकला की त्याचे खत व्हायचे तेव्हा होईल, माणसाने त्यात हात घालण्याचे कारण नाही, ही ती समजूत होय. सुमारे शंभर वर्षांपूर्वी माळव्यातील एका शेतावर या समजुतीस जबर धक्का बसला. बारा वर्षांची ही दैना तीन महिन्यांत फिटू शकते, हे तेथे प्रत्यक्ष दाखविण्यात आले. ती हकीकत आपल्या शेतकरी कुटुंबांनी समजून घेण्यासारखी आहे.

धार आणि देवास ही पवार घराण्याची जुनी मराठी संस्थाने. देवासात तर थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदत असत. या धार-देवासांच्या मधोमध होळकरांचे इंदूर. राजे निरनिराळे, तरी मुलखाची माती एकच : काळी, चिकण, कापसाची, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात पाय धरून ठेवणारी. या मातीच्या व कापसाच्या अभ्यासासाठी १९२४ साली इंदूर येथे एक संशोधन संस्था स्थापन झाली. होळकर सरकारने जमीन दिली, आणि मध्यवर्ती कापूस समिती व मध्य भारतातील संस्थाने यांनी खर्चाचा भार उचलला. संस्थेचे प्रमुख होते आल्बर्ट हॉवर्ड. १९०५ साली ते हिंदुस्थानात आले व प्रथम बिहारातील पुसा येथे राहिले. येथील शेतकरी व पिकांवरील कीड हेच आपले गुरू, असे ते मोकळेपणाने सांगत. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासक होत्या, आणि रसायनशास्त्राची बाजू यशवंत वाड सांभाळीत. १९३१ साली हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने जे पुस्तक निघाले, त्यातून ‘इंदूर पद्धत’ जगापुढे आली.

त्यांच्यापुढील अडचण आपल्या घरचीच होती. शेण गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जाते. मग शेतास काय द्यावे? उलट पऱ्हाट्या, धसकटे, तण, पालापाचोळा ही संपत्ती वाया जाते. ती तशीच जमिनीत गाडावी तर पीक पिवळे पडते. कारण कडक काड्या कुजविणारे सूक्ष्म जीव आपल्या पोषणासाठी मातीतील नत्र ओढून घेतात व पीक उपाशी राहते. म्हणून कुजण्याचे काम शेताबाहेर उरकावे आणि तयार अन्न तेवढे जमिनीस द्यावे, हा त्यांचा विचार. चिनी शेतकरी शतकानुशतके असेच करीत आले होते, हे त्यांना ठाऊक होते.

कृती साधी आहे. पऱ्हाट्या कठीण असतात, म्हणून त्या रस्त्यावर अंथरीत. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चिरडत. मग दोन-तीन फूट खोल खड्ड्यात थरावर थर द्यावयाचे : पाचोळा व काडीकचरा, त्यावर शेणाचा काला, त्यावर गोठ्यातील मुताने भिजलेली माती व चुलीतील राख. गोमूत्र वाहून जाऊ नये म्हणून गोठ्याची जमीन मातीचीच ठेवीत, आणि ती माती वेळोवेळी खणून खतासाठी घेत. थर तुडवून घट्ट करावयाचे नाहीत. हवा खेळली पाहिजे. पाणी इतकेच, की पिळलेल्या फडक्याइतकी ओल राहावी. काही दिवसांत ढीग आतून चांगलाच तापतो. त्या उष्णतेने तणाचे बी व माश्यांच्या अळ्या मरतात. प्रथम पांढरी बुरशी काम करते, मागून इतर सूक्ष्म जीव. दोन-तीन वेळा उलथापालथ केली की सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीचा वास असलेले खत हाती येते. पावसाळ्यात मात्र खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग करावा.

शेतावर जमले ते शहरात का जमू नये? १९३४ साली वाड व जॅक्सन यांनी वस्तीतील केरकचरा व मैला यांपासून इंदूर पद्धतीने खत करण्याचे आपले काम प्रसिद्ध केले. १९३५ साली गांधीजी इंदूरास आले असता त्यांनीही ही संस्था पाहिली व पुढे ‘हरिजन’ पत्रात या खताविषयी लिहिले. केनियातील कॉफीचे मळे, बंगालमधील चहाचे मळे येथे ही पद्धत पोहोचली. आज अमेरिकेतील कित्येक शहरांत लोक अंगणातील गवत व पाने निराळी बांधून ठराविक दिवशी दाराशी ठेवतात. नगरपालिका ती नेऊन खत करते. इंदुरातही घरोघर ओला व सुका कचरा वेगळा घेतला जातो. २०१७ साली स्वच्छतेच्या सरकारी पाहणीत ते शहर देशात पहिले आले, आणि २०२२ साली तेथे दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू व खत काढण्याचा कारखाना सुरू झाला.

तथापि या यशाचे मूळ यंत्रात नाही. ते घराघरांतील दोन डब्यांत आहे. एकाच टोपलीत भाजीचे देठ, काच, प्लॅस्टिक आणि निकामी विजेरीचे सेल पडले, तर कितीही मोठा कारखाना त्याचे निर्मळ खत करू शकत नाही. असले खत ज्या शेतात पडेल तेथे काचेने पाय कापेल आणि विषारी धातू मातीत उतरतील. वाड-हॉवर्डांच्या काळी कचऱ्यात बहुधा कुजणारेच असे. आज तसे नाही. म्हणून निवडणे हे काम पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचे झाले आहे, आणि ते घरातूनच व्हावे लागते. २०१६ सालच्या केंद्र सरकारच्या नियमांनीही बागेतील पालापाचोळा वेगळा ठेवावा व कचरा जाळू नये, असे नागरिकांस बजावले होते.

जाळण्याची खोड खेड्यांतही आहे. गव्हाच्या कापणीनंतर उरलेल्या खुंटांस माळव्यात नरवाई म्हणतात. मनाई असतानाही ती पेटविली जाते; धुरात डोळे चुरचुरतात, शेजाऱ्याचे उभे पीक धोक्यात येते, आणि मातीतील जीव होरपळतात. आपल्या अंगणातही सकाळी झाडलेली पाने कोपऱ्यात पेटतात, आणि त्याच घरचा कर्ता माणूस पेरणीच्या वेळी उधारीने खताच्या गोण्या आणतो. एका हाताने जाळावे आणि दुसऱ्या हाताने विकत घ्यावे, हा कोणत्या घरचा संसार?

विकतच्या खताची गरज अजिबात उरणार नाही, असे आमचे म्हणणे नाही. शिवाय ढीग उलथण्यास श्रम पडतात, आणि बहुतेक घरांत ते श्रम बायकांच्याच वाट्यास येतात. तसे होऊ नये. पाने मुलांनी गोळा करावीत, काला बाईने घालावा, फावडे पुरुषाने हाती घ्यावे. कंबरेइतका उंच व तितकाच रुंद एक ढीग पुरे. तो आज रचला तर पंधरा दिवसांनी एकदा, महिन्याने दुसऱ्यांदा आणि दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा परतावा. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस मूठभर खत हातात घेऊन पाहावे, हुंगावे. उकिरड्याचे पांग बारा वर्षे थांबल्यावाचून फिटतात की नाही, हे ती मूठच सांगेल.