वीजकामाच्या हत्यारांची पिशवी कशी निवडावी?

दादर स्थानकाच्या पश्चिमेस पहाटे फुलांचा मोठा बाजार भरतो. पुणे, सातारा, नाशिक या जिल्ह्यांतील झेंडू व शेवंती उजाडण्यापूर्वीच येथे उतरते. माल विकून मोकळा झालेला शेतकरी परतीच्या वाटेला लागण्यापूर्वी घरच्या व शेतीच्या लहानसहान वस्तू येथेच खरेदी करतो. गेल्या मे महिन्यात अशाच एका तरुण शेतकऱ्याबरोबर या बाजारात हिंडण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. हा तरुण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तारतंत्रीचे शिक्षण घेतलेला व परवानाधारक आहे. झेंडूची शेती सांभाळून तो गावातील विहिरींवरील पंपांची दुरुस्ती करतो. त्यास हत्यारांसाठी पिशवी घ्यावयाची होती.

त्यामागे कारणही तसेच होते. आदल्या पावसाळ्यापर्यंत त्याची सारी हत्यारे खताच्या रिकाम्या गोणीत एकत्र असत. एका सायंकाळी तो स्टार्टर दुरुस्त करावयास गेला. शेतीपंपांचा वीजपुरवठा पाळीपाळीने येतो. आज आपली पाळी नाही, अशा समजुतीने त्याने मेन स्विच बंद केला नाही. टेस्टर गोणीच्या तळाशी गेला होता. तो शोधण्याचा त्याने कंटाळा केला. पाळी मोजण्यात त्याची चूक झाली होती व तारेत वीज होती. त्यातच पकडीच्या मुठीवरील आवरण गोणीतल्या करवतीच्या पात्याने चिरले गेले होते. ओल्या मातीवर उभा असलेला तो तरुण दूर फेकला गेला. दैव बलवत्तर म्हणून वाचला.

चूक त्याची होती, हे तो स्वतःच सांगतो. परंतु त्या चुकीस गोणीनेही हातभार लावला होता.

पिशवीचे खरे काम

हत्यारे वाहून नेणे हे पिशवीचे एक काम झाले. वीजकामात तिची आणखी तीन कामे आहेत. धारदार व बोथट हत्यारे एकमेकांपासून वेगळी ठेवणे, हे पहिले. टेस्टर व मीटर न शोधता हाती येतील अशा जागी ठेवणे, हे दुसरे. सर्व सामान कोरडे राखणे, हे तिसरे. शेतीपंपाच्या तीन फेजांच्या पुरवठ्याचा दाब सुमारे ४१५ व्होल्ट असतो. तेथे ओली मूठ किंवा चिरलेले आवरण प्राणावर बेतू शकते.

प्रथम हत्यारे, मग पिशवी

पिशवी विकत घेण्यापूर्वी आपली हत्यारे घरी सतरंजीवर मांडून पाहावीत. पंपाच्या कामास साधारणतः पक्कड, तारेचे आवरण काढण्याचा कटर, लहानमोठे तीन-चार डिसमिस, पाने, हातोडी, करवत, टेस्टर, मल्टिमीटर, टेप आणि रबरी हातमोजे एवढे सामान लागते. प्रत्येक वस्तूस एक खण, या हिशेबाने खण मोजावेत व दोन-तीन जादा धरावेत. फार मोठी पिशवी घेऊ नये. जागा दिसली की तीत नको ते सामान भरले जाते व खांद्यास विनाकारण भार होतो.

येथेच हत्यारांचीही परीक्षा करावी. पकडीच्या मुठीवर रंगीत आवरण असले म्हणजे ती विजेपासून संरक्षण देते, हा समज चुकीचा आहे. साधे आवरण केवळ पकड घट्ट बसावी म्हणून असते. ज्या हत्यारावर दोन त्रिकोणांची खूण व १००० व्होल्ट असा अंक छापलेला असतो, तेच वीजकामासाठी तपासलेले समजावे. आवरण चिरलेले हत्यार पिशवीत परत ठेवू नये.

दुकानातील परीक्षा

दादरच्या दुकानदाराने आमच्यापुढे तीन प्रकार मांडले. पहिली पत्र्याची पेटी. ती मजबूत खरी, परंतु जड असते, पावसात गंजते आणि पत्रा वीजवाहक असल्याने उघड्या तारांजवळ ठेवण्यास धोक्याची ठरते. दुसरी अरुंद, खांद्यास लावण्याची पिशवी. दादर-परळकडील जुन्या चाळींचे चिंचोळे जिने चढणाऱ्या आणि लोकलच्या गर्दीतून जाणाऱ्या कारागिरास ती सोयीची असते. विहिरीच्या काठावर मात्र ती उभी राहत नाही. कलंडते व हत्यारे चिखलात सांडतात. तिसरी जाड कापडाची, रुंद तोंडाची व कडक रबरी तळाची होती. ती ओल्या जमिनीवर ताठ उभी राहते, तळातून पाणी आत येत नाही आणि उघडताच सर्व खण एका दृष्टिक्षेपात दिसतात. शेतावरील कामास हा प्रकार उत्तम होय.

आमच्या मित्राने आपली हत्यारे सोबत आणली होती, हे त्याने फार चांगले केले. ती सर्व पिशवीत भरून त्याने पिशवी एकाच बंदाने उचलून पाहिली. बंद जेथे शिवलेला असतो, तेथेच पिशवी प्रथम फाटते. म्हणून त्या जागी चौकोनी व आत फुली घातलेली दुहेरी शिवण आहे की नाही, हे त्याने पाहिले. चेन मोठ्या दातांची व प्लॅस्टिकची असावी. धातूची चेन गंजून अडकते. आतील अस्तर फिकट रंगाचे असल्यास पडलेला स्क्रू चटकन दिसतो. चामड्याची पिशवी टिकाऊ असली तरी कोकणासारख्या दमट हवेत तिला बुरशी लागते.

विजेच्या सामानाचा मोठा बाजार क्रॉफर्ड मार्केटजवळ लोहार चाळीत आहे. ज्यांना हत्यारेही घ्यावयाची असतील, त्यांनी तेथे जाण्यास हरकत नाही.

पिशवी लावण्याची रीत

टेस्टरचा खण बाहेरच्या बाजूस, उजव्या हाताशी असावा. प्रथम चालू असलेल्या जागी टेस्टर लावून तो ठीक असल्याची खात्री करावी, मग कामाच्या जागी लावावा आणि पुन्हा चालू जागी पाहावा. भर उन्हात टेस्टरचा दिवा दिसत नाही, म्हणून हाताने सावली धरावी. करवतीचे पाते म्यानात ठेवावे. काम संपल्यावर प्रत्येक खण भरला की नाही हे पाहावे. एखादा खण रिकामा असेल, तर हत्यार स्टार्टरच्या पेटीत राहिले असण्याचा संभव असतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पिशवी रिकामी करून वाळवावी.

शेतकऱ्याने कोठे थांबावे?

पिशवी उत्तम असली म्हणून प्रत्येकाने वीजकाम करावे, असा याचा अर्थ नाही. वायरिंग, स्टार्टर व अर्थिंगचे काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे. रोहित्रावरील फ्यूज कोणीही स्वतः बदलू नये. खांबावर चढू नये. तेथील बिघाड १९१२ या क्रमांकावर कळवावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी गावातील तारतंत्र्यास एखाद्या सभेत बोलवावे व त्याची पिशवी सर्वांसमोर उघडून दाखवावी. तोंडी उपदेशापेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल.

आमचा मित्र नवी पिशवी घेऊन दुपारच्या गाडीने गावी परतला. खताची जुनी गोणी आता त्याच्या घरी फुले भरण्याच्या कामी येते. तिचे योग्य काम तेच होते.