लाटांत वापरलेला पॅडलबोर्ड: दुरुस्ती कधी करावी, कधी नाही

पॅडलबोर्ड म्हणजे उभे राहून लांब वल्ह्याने चालवायची रुंद फळी. शांत पाण्यात तिला माणसाचे वजन तेवढे पेलावे लागते. फुटत्या लाटेत मात्र तिची कसोटी लागते. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे १,०२५ किलो असते, आणि कोसळणारी लाट असे कित्येक घनमीटर पाणी फळीवर आपटते. म्हणूनच तळ्यात वर्षानुवर्षे चालून जाईल अशी एखादी भेग लाटांमध्ये फळीचे दोन तुकडे करू शकते. नुकसान झालेला बोर्ड दुरुस्त करायचा की नाही, हे ठरवताना दुरुस्तीनंतर तो कुठे वापरला जाणार आहे, हे आधी ठरवावे लागते.

उभ्याने वल्हवण्याचा हा खेळ हवाई बेटांत रुजला आणि २००० नंतर लेअर्ड हॅमिल्टन, डेव्ह कलामा यांच्यासारख्या लाटवीरांमुळे जगभर पसरला. आपल्याकडे तो गोव्याच्या किनाऱ्यावर दिसतो. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकातील सशिहिथलू येथे या खेळाची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही झाली. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, विदर्भातील वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरसारख्या गावातल्या हौशी माणसाकडे असा बोर्ड असला, तर तो गाडीच्या टपावर बांधून न्यावा लागतो आणि फुटल्यास त्याचा कारागीर जवळपास नसतो. त्यामुळे निर्णय स्वतःच, माहितीच्या आधारे घ्यावा लागतो.

फळीची रचना

बहुतेक कडक बोर्डांचा गाभा थर्माकोलचा असतो. एका घनमीटरला साधारण १६ ते ३२ किलो, इतका तो हलका असतो. त्यावर काचतंतूंचे कापड इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून चढवतात. काही बोर्डांत कापडाच्या थरांमध्ये बांबूचा पातळ पापुद्रा किंवा कडक फोम असतो. फळी वाकते तेव्हा एका बाजूचे कवच ताणले जाते आणि दुसऱ्या बाजूचे दाबले जाते. या दोन्ही कवचांना जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम गाभा करतो. कवच गाभ्याला घट्ट चिकटलेले असेपर्यंतच फळीत ताकद असते. ते सुटले की वरून अखंड दिसणारी फळीही कमकुवत झालेली असते.

तपासणी

पहिली पायरी वजनाची. घरातल्या वजनकाट्यावर आधी माणसाने एकट्याने उभे राहावे, मग बोर्ड हातात घेऊन. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे बोर्डाचे वजन. कंपनीने दिलेल्या वजनापेक्षा ते किलो-दोन किलोने जास्त भरले, तर गाभ्यात पाणी मुरले आहे असे समजावे. मात्र जुन्या दुरुस्त्यांचे आणि वर चिकटवलेल्या पॅडचे वजन त्यातून वजा धरावे. थर्माकोलच्या मण्यांत पाणी शिरत नाही. मण्यांमधल्या फटींत मात्र ते शिरते आणि सहज बाहेर पडत नाही.

दुसरी पायरी टिचकीची. बोटाने किंवा नाण्याने सगळा पृष्ठभाग ठोकत जावा. आवाज टणक येत असताना मध्येच बद्द किंवा पोकळ झाला, तर तिथे कवच सुटले आहे. अशा जागेभोवती पेन्सिलने रेघ मारून ठेवावी, म्हणजे सुटलेल्या भागाचा खरा आकार कळतो.

तिसरी पायरी अंगठ्याने दाबण्याची. भेगेजवळ दाबताच पाणी झिरपले किंवा कवच आत दबून परत वर आले, तर नुकसान दिसते त्यापेक्षा मोठे आहे.

जखम कुठे आहे

जखमेच्या आकाराइतकीच तिची जागा महत्त्वाची असते. वल्हे आपटून कडेला पडलेले खोक किंवा पुढच्या टोकाचा चेपलेला कोपरा कुरूप दिसतो, पण वेळेवर बुजवला तर बोर्ड लाटांसाठी पुन्हा तयार होतो. पाय ठेवण्याच्या भागातले सुटलेले कवच याहून गंभीर, कारण तिथे वजनाचा मारा सतत चालू असतो. तळहाताएवढा भाग दुरुस्त करता येतो. तो हातभर पसरला असेल, तर दुरुस्ती टिकण्याची शक्यता कमी होते.

फळीच्या मध्यभागी आडवी उमटलेली वळी किंवा सुरकुती सर्वांत धोक्याची. वाकताना सर्वाधिक ताण तिथेच येतो. तिच्यावर थर चढवता येतात, पण त्यामुळे तो भाग ताठर होतो आणि पुढचा तडा त्याच्या कडेलाच जाण्याचा धोका राहतो. पायाला बांधायची दोरी जिथे अडकवतात ती खोबण आणि तळाचा पर बसवण्याची पेटी यांच्याभोवतीच्या भेगाही हलक्यात घेऊ नयेत. लाटेत दोरी तुटली की पोहणारा तरंगण्याचा आधार गमावतो आणि सुटलेली आठ-दहा किलोची फळी इतरांवर जाऊन आदळते.

तीन निकाल

जखम लहान, कडेची, गाभा कोरडा: दुरुस्त करून बोर्ड लाटांत वापरावा.

जखम मोठी पण मध्यभागापासून दूर, किंवा बोर्डात मुरलेले पाणी वाळवता आले आहे: दुरुस्ती करावी आणि पुढे तो शांत पाण्यासाठीच ठेवावा. वाशीम जिल्ह्यातील अडाण, सोनल, एकबुर्जी अशा जलाशयांवर परवानगी असेल तिथे, अंगात जीवरक्षक जाकीट घालून असा बोर्ड वापरता येईल.

मध्यभागी वळी पडली आहे, कवच दूरवर सुटले आहे, आठवडे उलटूनही वजन उतरत नाही, किंवा बोर्डाचे दोन तुकडे झाले आहेत: लाटांसाठी तो संपला. तुकडे जोडता येतात, पण बोर्ड जड होतो आणि त्याचा समतोल बदलतो.

सामग्रीतली मोठी चूक

गावोगावी पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणारे कारागीर फायबरसाठी पॉलिएस्टर रेझिन वापरतात. त्यातील स्टायरीन थर्माकोल विरघळवते. गॅरेजमधली गाडीची पुट्टीही याच कारणाने चालत नाही, आणि थिनरही गाभा खातो. थर्माकोलच्या बोर्डाला इपॉक्सीच लागते. सहलीत अचानक खोक पडल्यास एम-सील लावून पाणी रोखता येते, पण तो तात्पुरता उपाय आहे.

इपॉक्सी लावण्यापूर्वी गाभा पूर्ण वाळलेला हवा. खोक खालच्या बाजूला ठेवून बोर्ड सावलीत, वाऱ्यावर ठेवावा आणि दर आठवड्याला वजन करावे. वजन उतरायचे थांबले की काम सुरू करावे. सुटलेले तुकडे कापून काढावेत, भोवतालचे कवच पॉलिश पेपरने उतरते घासावे, खळगा इपॉक्सी आणि हलक्या काचमण्यांच्या मिश्रणाने भरावा. त्यावर कापडाचे थर द्यावेत, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा. एकाच वेळी जाड थर ओतल्यास इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेने तापते आणि गाभा वितळवते. काचेची धूळ फुफ्फुसांत आणि रेझिन कातडीवर जाऊ नये म्हणून मास्क आणि हातमोजे आवश्यक. दुसऱ्या दिवशी थर हाताला टणक लागला, तरी पूर्ण ताकद यायला साधारण आठवडा जातो. शेवटी रंगाचा थर द्यावा, कारण उघडी इपॉक्सी उन्हाने पिवळी पडते आणि कमजोर होते.

ऊन आणि हवेचे बोर्ड

विदर्भात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. बंद गाडीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या बोर्डातली हवा फुगते, इपॉक्सी मऊ पडते आणि कवच गाभ्यापासून सुटते. लाटेचा एकही फटका न बसता बोर्ड असा बाद होऊ शकतो. म्हणून तो सावलीत ठेवावा आणि हवा सुटण्याचा स्क्रू असल्यास साठवणीत उघडा ठेवावा. पाण्यात उतरण्यापूर्वी तो घट्ट बंद करायला विसरू नये.

हवा भरण्याचे बोर्ड पीव्हीसीचे असतात. २५ अंशांना १५ पीएसआय दाब भरला आणि बोर्ड ६० अंशांपर्यंत तापला, तर दाब १८ पीएसआयच्या पुढे जातो. बारीक छिद्राला पीव्हीसीचे ठिगळ आणि योग्य गोंद पुरतो. कडेची शिवण लांबवर उकलली असेल, तर लाटांत त्या बोर्डावर भरवसा ठेवू नये.

खर्चाचा हिशेब

खर्च मोजताना रेझिन आणि मजुरीबरोबर वाहतूक, वाळवण्यात जाणारे आठवडे आणि दुरुस्तीने वाढणारे वजनही धरावे. जुना, अनेकदा ठिगळे लावलेला बोर्ड नव्याच्या निम्म्या किमतीत दुरुस्त होणार असेल, तर नवा घेणे बहुधा शहाणपणाचे ठरते. नव्या बोर्डावरचे पहिले खोक मात्र त्याच आठवड्यात बंद करावे, कारण उघड्या खोकातून पाणी गाभ्यात मुरत राहिले की थोडक्यात होणारी दुरुस्ती पुढे परवडेनाशी होते.