चिनी योगवर्ग आणि मराठी उच्चार

चिनी भाषेतल्या योगवर्गाला फार शब्द लागत नाहीत. श्वास घ्या, सोडा, पाय उचला, पाठ ताठ ठेवा, सैल व्हा. एवढ्याच सूचना तासभर फिरून फिरून येतात.

चीनमध्ये योगाचे साधक भरपूर आहेत. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार २०११ मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी, ग्वांगझोउला जाऊन शिकवून आले. २०१५ मध्ये कुनमिंगच्या युन्नान मिन्झू विद्यापीठात भारत-चीन योग महाविद्यालयाचा करार झाला. योगाला तिथे ‘यूच्या’ म्हणतात. लिहिण्याची दोन अक्षरे मात्र जुनी आहेत. सातव्या शतकात महाराष्ट्र पाहून गेलेल्या ह्युएन त्संगने मायदेशी ‘योगाचारभूमिशास्त्रा’चे भाषांतर केले, त्याच्या नावात हीच अक्षरे आहेत.

उच्चार शिकताना पिनयिन या रोमन लिपीने बहुतेकांची गफलत होते. तिच्यातले ‘बी’, ‘डी’, ‘जी’ हे ब, ड, ग नसून प, त, क यांच्या जवळचे आहेत, आणि ‘टी’ म्हणजे थ. अल्पप्राण-महाप्राणाचा हा भेद मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. त्याहून मोठी सोय ‘च’ची आहे. बीड-अंबाजोगाईकडचा विद्यार्थी ‘चूल’, ‘चाक’, ‘चारा’ म्हणताना एक च वापरतो आणि ‘चिमटा’ म्हणताना दुसरा. चिनीत हे दोन्ही लागतात: ‘च्वो’ (डावा) मध्ये चाकातला, ‘च्याओ’ (पाऊल) मध्ये चिमट्यातला. म्हणून पहिली शब्दयादी देवनागरीत केलेली बरी.

शीछी म्हणजे श्वास घ्या, हूछी म्हणजे सोडा. दोन्हींत पहिले अक्षर उंच आणि सपाट, दुसरे झटक्यात खाली. शोउ हात, थ्वेइ पाय, पेइ पाठ, शीकाय गुडघा. मानमान सावकाश, फांगसोंग सैल सोडा. ‘शीछी, थाय योउ थ्वेइ’ म्हणजे श्वास घ्या, उजवा पाय उचला. मराठीत आधी पाय येतो आणि मग उचलणे. चिनीत आधी थाय, म्हणजे उचला, मग योउ, म्हणजे उजवा, आणि शेवटी पाय. नवखा ‘उचला’ ऐकताच हालचाल सुरू करतो आणि चुकीचा पाय वर जातो. वाक्य पुरे होईपर्यंत थांबण्याची सवय इथे शब्दपाठांतराइतकीच कामाची.

खरी मेहनत सुरांवर घ्यावी लागते. ‘थ्वेइ’ खालच्या सुरात घोळवला तर पाय. तोच वरून खाली तोडला तर मागे सरका. ‘च्वो’ घोळवला तर डावा, तोडला तर बसा. हे कागदावरून जमत नाही; ध्वनिफीत लावून, मोठ्याने, जोडीजोडीने म्हणावे लागते.

आसनांची नावे शेवटी घेतली तरी चालतात, कारण शिक्षक आसन करून दाखवतात. वृक्षासन ‘झाडाची मुद्रा’ होते, सूर्यनमस्कारालाही सूर्याला वंदन अशाच अर्थाचे नाव आहे. त्याआधी दुखण्याची वाक्ये पक्की हवीत. शिक्षक पाठीवर हात ठेवून वाकवू लागले की ‘वो शीकाय थंग’, माझा गुडघा दुखतो, किंवा ‘छिंग यीत्येन’, जरा हलक्या हाताने, हे तत्काळ तोंडात यायला हवे.