आई दोरीवर चढते तेव्हा!

दोस्तांनो, एक प्रश्न विचारू? तुमची आई शेवटची कधी खेळली? तुमच्याबरोबर बसून कॅरमची एखादी सोंगटी घेतली असेल, ते सोडा. घाम गळेपर्यंत, गुडघा खरचटेपर्यंत, स्वतःसाठी म्हणून ती कधी खेळली? आठवत नाही ना?

तिकडे कॅनडा-अमेरिकेत कितीतरी आया चाळिशीत आईस हॉकी शिकतात. पायांत स्केट्स, हातात काठी आणि बर्फावरून सुसाट पळणारी रबराची चकती! आधी वर्षानुवर्षं मुलांच्या सामानाच्या पिशव्या उचलून त्या कठड्याशी उभ्या असतात. मग एक दिवस वाटतं, आपणही उतरावं आत. संध्याकाळी बर्फ मुलांना हवा असतो, म्हणून मोठ्यांना बहुधा रात्री उशिराची वेळ मिळते. तरी जातात!

आता दादरमध्ये बर्फ मिळतो तो गोळ्याच्या गाडीवर. पण शिवाजी पार्कवर दोरी आहे ना! दोरीचा मल्लखांब.

मल्लखांबाची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवा जन्म दिला. झाडावरच्या माकडाच्या कसरती पाहून त्यांना ती सुचली असं सांगतात. खांब असतो लाकडी, त्याला एरंडेल लावतात. दोरीचा प्रकार पूर्वी वेतावर करत. चांगला वेत मिळेना तेव्हा सुती दोरी आली. ती वरून सरळ खाली लोंबत असते, आणि गंमत म्हणजे तिला एकही गाठ नसते! मग माणूस वर टिकतो कसा? पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोरी पकडायची, मांड्यांची अढी घालायची, हातांनी वर सरकायचं. करून बघा म्हटलं असतं, पण घरी पंख्याला दोरी बांधून मुळीच नको हं! खाली गादी आणि शेजारी शिक्षक हवेतच.

शिवाजी पार्कचं श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ सालचं. तिथले उदय देशपांडे सर यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ५० देशांतल्या ५ हजारांहून जास्त लोकांना त्यांनी मल्लखांब शिकवला आहे, आणि त्यांत बायका, अंध मुलं, ज्येष्ठ नागरिकही आहेत. २०१९ च्या फेब्रुवारीत पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली तीही शिवाजी पार्कलाच. तेव्हा ‘हे काय आता आमचं वय आहे?’ हे कारण निदान या मैदानावर तरी चालायचं नाही.

मात्र सोपं काहीच नसतं. दहा वर्षांच्या पोरीचं वजन ते काय! चाळिशीच्या बाईला सगळा देह स्वतःच्या मुठीवर तोलायचा असतो. पहिले काही दिवस तळहात लाल होतात, अंगठ्याची चिमट सोलवटते, आणि एवढं करून ती जमिनीपासून हातभरच वर गेलेली असते. गुडघा, पाठ किंवा रक्तदाबाची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. पण चाळिशीनंतर बायकांची हाडं ठिसूळ होऊ लागतात, स्नायू सैल पडतात, आणि स्वतःचं वजन पेलण्याचा व्यायाम दोघांनाही उपयोगी पडतो.

खरी अडचण दोरीची नाहीच. लालबाग-परळच्या चाळीतली आई पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा उठते. डबे, ऑफिसची लोकल, परत येताना भाजी, मग तुमचा अभ्यास. या सगळ्यात तिनं तो एक तास आणायचा कुठून? आणि वेळ मिळालाच तरी घट्ट विजार घालून चाळीच्या गॅलरीतून जायचं म्हणजे दहा डोळे वळणार. त्या दहांत दोन डोळे तुमचेही असतात बरं का! वर्गातला मित्र म्हणाला, ‘अरे, तुझी आई उलटी लटकते?’ तर तुम्ही काय सांगाल?

कुकर लावता येतो तुम्हाला? तीन शिट्ट्यांनंतर गॅस बंद करायचा, एवढंच. धाकट्याला संध्याकाळी तासभर खेळवता येईल? झाला की तिचा एक तास मोकळा!

आणि पहिल्या दिवशी तिच्याबरोबर जरूर जा. दोरीला हात लावण्यापूर्वी अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र, केसांच्या पिना सगळं काढून ठेवावं लागतं. ते सांभाळायला खाली कोणीतरी विश्वासाचं माणूस हवंच की!