घंटा देणारा संगणक

शाळेतला शिपाई गणित शिकवत नाही की खेळ घेत नाही. तो घड्याळ आणि वेळापत्रक पाहतो व नेमक्या वेळी घंटा देतो. युनिक्स जातीच्या संगणकांत हे काम ‘क्रॉन’ नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही तो होता.

क्रॉन दर मिनिटाला जागा होऊन आपले वेळापत्रक तपासतो. वेळापत्रकाच्या प्रत्येक ओळीत प्रथम पाच रकाने असतात : मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. त्यापुढे करायचे काम. रकान्यात तारा (*) असेल तर त्याचा अर्थ ‘कोणतेही चालेल’.

एक खरे उदाहरण पाहू. एकाच विषयात रस असणाऱ्या अनेकांना ई-पत्रे पोचवणारा ‘मेलमन’ हा प्रोग्रॅम. त्याच्या २.१ या आवृत्तीच्या वेळापत्रकात अशा नोंदी होत्या :

० १२ * * * – रोज दुपारी १२ वाजता साचलेल्या पत्रांचा एकत्र गठ्ठा पाठवणे.
० ५ १ * * – दर महिन्याच्या १ तारखेला पहाटे ५ वाजता सभासदांना पासवर्डची आठवण देणे.
२७ ३ * * * – रोज पहाटे ३ वाजून २७ मिनिटांनी जुन्या पत्रांची दाबून लहान केलेली प्रत तयार करणे.

३.२७ ही वेळ विचित्र वाटते ना? पण सगळीच कामे तासाच्या ठोक्याला ठेवली, तर त्या क्षणी संगणकावर एकदम ताण येतो. आडवेळ निवडली की गर्दी टळते.

आता समजा, ठरल्या वेळी संगणकच बंद होता. साधा क्रॉन हुकलेले काम मागाहून करत नाही. दुपारचा गठ्ठा हुकला तर ती पत्रे दुसऱ्या दिवशी जातील. पण १ तारखेची पहाट हुकली तर आठवणपत्र थेट पुढच्या महिन्यात! आणि कोणी ओरडून सांगणारही नाही. म्हणून ‘ॲनाक्रॉन’ हा दुसरा प्रोग्रॅम प्रत्येक काम शेवटचे कधी झाले याची तारीख लिहून ठेवतो आणि राहिलेले काम संगणक सुरू झाल्यावर उरकतो.

वर्गात हे कोडे घाला : ‘० ९ १३ * ५’ (५ म्हणजे शुक्रवार) हे काम केव्हा होईल? मुले म्हणतील, १३ तारखेला शुक्रवार आला तरच. पण तारीख आणि वार दोन्ही दिले असतील, तर क्रॉन दोहोंपैकी एक जुळले तरी काम करतो. म्हणजे दर १३ तारखेला आणि दर शुक्रवारीही! भिंतीवरची दिनदर्शिका काढून या महिन्यात ते किती वेळा होईल, ते मुलांनाच मोजू द्या. १३ तारीख शुक्रवारीच आली तर उत्तर काय येईल, हेही विचारा.