बोटीत चढण्याचा दिवस आणि दुपारचे जेवण

कोकणातला माणूस पूर्वी बोटीने गावी जायचा तेव्हा भाऊच्या धक्क्यावर त्याच्या एका हातात वळकटी आणि दुसऱ्या हातात भाकरीचे गाठोडे असायचे. डेकवर जागा धरायची, मुलांना मधे घ्यायचे आणि भूक लागली की गाठोडे सोडायचे. बोट कंपनी आपल्याला जेवायला घालील, ही कल्पनाही कोणाच्या मनात येत नसे.

त्या बोटी बंद होऊन जमाना झाला. आता मुंबई बंदरातून वेगळ्या बोटी सुटतात. गोव्याला, लक्षद्वीपला जाऊन दोन-चार दिवसांत परत येतात. त्यांना क्रूझ म्हणतात. बोट कसली, पाण्यावरची दहा-बारा मजल्यांची इमारतच. नोकरीला लागलेली आपली मुले-मुली आता आईवडिलांना अशा सहलीची तिकिटे काढून देऊ लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु या सहलीचा पहिला दिवस नीट आखला नाही तर आनंदाचे हाल होतात. हे मी स्वतःच्या घरचेच उदाहरण घेऊन सांगतो.

भाकरीचे गाठोडे

माझे भावोजी इंदिरा गोदीत गोदी कामगार होते. १९१४ साली सुरू झालेली ही गोदी तेव्हा अलेक्झांड्रा डॉक म्हणून ओळखली जाई. १९८९ साली न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले आणि इकडचे काम हळूहळू कमी होत गेले. तरी भावोजींनी पाळ्या करीत निवृत्तीपर्यंत नोकरी केली. बोटीचे पोट त्यांनी आतून पाहिले होते. तिथला माल, धूळ, उकाडा सगळे त्यांना ठाऊक होते. पण बोटीच्या वरच्या डेकवर प्रवासी म्हणून ते कधी उभे राहिले नव्हते. भाचीने पहिल्या काही वर्षांच्या पगारातून पैसे साठवले आणि आईवडिलांची तिकिटे काढली. सोबतीला मामा-मामी म्हणून आम्हा दोघांनाही घेतले.

कारकुनाच्या सवयीने मी कागदपत्रांची फाईल तयार केली. तिकिटे, आधार कार्डे, झेरॉक्स प्रती, सगळे क्रमाने लावले. चौघांच्या पोटाचा विचार मात्र केला नाही.

आमची चढण्याची वेळ होती दुपारी एक ते दीड. गाडीचा भरवसा नाही म्हणून आम्ही कल्याणहून सकाळी आठलाच निघालो आणि दहा वाजता बॅलार्ड पियरला पोहोचलो. भावोजींना मधुमेह आहे. सकाळी सहाला त्यांनी गोळी घेतली, वर चहा आणि एक चपाती. बिस्किटांचा पुडा आणि औषधांची डबी मोठ्या बॅगेत होती. ती बॅग आम्ही सामानाच्या खिडकीवर देऊन मोकळे झालो. ताईच्या पिशवीत भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. अकरा वाजता मी म्हटले, "ताई, भावोजींना थोडे खायला दे." ताईने त्या चकचकीत हॉलकडे पाहिले, भोवतीच्या माणसांचे कपडे पाहिले आणि पिशवी पायाशी ओढून घेतली. म्हणाली, "नको रे, इथे भाकरी कशी सोडायची? वर गेल्यावर बघू."

सव्वा वाजता रांगेत भावोजींना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले. बोलणे अडखळू लागले. रांगेतल्या एका बाईने पर्समधून गोड गोळ्या काढून दिल्या. पहारेकऱ्याने खुर्ची आणली. पंधराएक मिनिटांनी त्यांना तरतरी आली, तेव्हा ताईने तिथेच, त्याच हॉलमध्ये, गाठोडे सोडले आणि अर्धी भाकरी त्यांना खायला लावली. कोणीही आमच्याकडे वळून पाहिले नाही. इतका वेळ ज्यांची लाज धरली, त्यांना आमच्या भाकरीशी काही देणेघेणेच नव्हते.

घरचे अन्न आत नेता येत नाही असे कळल्यावर उरलेल्या भाकऱ्या मी बाहेर सामान उतरवणाऱ्या पोरांना देऊन आलो.

बोटीवर पाय ठेवला तेव्हा अडीच वाजून गेले होते. वरच्या मजल्यावर जेवणाचा मोठा हॉल होता. ताई दारातच थबकली. "आधी विचार, ताटाचे किती घेतात?" वाढणारा मुलगा म्हणाला, "काकी, तिकिटातच आहे सगळे. पण लवकर घ्या, तीनला बंद होते." भाचीने महिनोन्‌महिने पैसे साठवून ज्या जेवणाची किंमत आधीच भरली होती, ते आम्ही पंचवीस मिनिटांत उभ्या-उभ्या घाईत उरकले.

यात दोष दुसऱ्या कोणाचा नाही. आखणी आमची चुकली. तुमची चुकू नये म्हणून पुढचे चार शब्द.

घरातून निघण्यापूर्वी

तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव एकच असले पाहिजे. आपल्या घरात बायकांची नावे दोन-दोन असतात, एक माहेरचे आणि एक सासरचे. मुलांनी घाईत हाकेचे नाव टाकले तर खिडकीवर अडचण होते. तिकीट काढतानाच आधार कार्ड समोर ठेवावे. मूळ ओळखपत्र बरोबर न्यावे, नुसत्या झेरॉक्सवर विसंबू नये. देशातल्या देशात फिरणाऱ्या बोटीला पासपोर्ट लागत नाही, परंतु बोट श्रीलंकेसारख्या परदेशी बंदराला जाणार असेल तर तो लागतोच. घरात गरोदर बाई किंवा तान्हे मूल असेल तर कंपनीचा नियम आधी विचारावा. साधारण २४ आठवड्यांच्या पुढे गरोदर बाईला बोटीवर घेत नाहीत.

प्रवाशांनी आपली नोंद मोबाईलवरून आधी करायची असते. त्या वेळी चढण्याची वेळ ठरते. निवडायची सोय असेल तर लवकरची वेळ घ्यावी. दुपारचे जेवण निवांत मिळते ते लवकर चढणाऱ्याला. बोट पाचला सुटणार म्हणून साडेचारला पोहोचून चालत नाही. सुटण्याच्या तास-दीड तास आधीच प्रवेश बंद होतो, आणि बोट कोणासाठी थांबत नाही.

सहल रविवारी सुरू होत असेल तर शनिवारीच मेगाब्लॉकची बातमी पाहून ठेवावी. सीएसएमटीहून बॅलार्ड पियर दीड किलोमीटरच्या आसपास आहे. सामान असेल तर चौघांत एक टॅक्सी करावी. कोणत्या गेटने आत जायचे ते तिकिटाच्या कागदावर वाचून टॅक्सीवाल्याला नीट सांगावे, कारण गोदीला गेट अनेक आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात येथे प्रवासी बोटींसाठी नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले आहे, तेव्हा आधी जाऊन आलेल्यांच्या जुन्या माहितीवर विसंबू नये.

हातपिशवीत काय ठेवावे

मोठी बॅग खिडकीवर दिली की ती एकदम खोलीच्या दारात भेटते. कधी दुपारी, कधी संध्याकाळीही. तोपर्यंत जे लागेल ते हातपिशवीत हवे:

– ओळखपत्रे, तिकिटे, पैसे, मोबाईल आणि चार्जर
– सगळी औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह
– ग्लुकोजची पुडी किंवा साखर, बंद पाकिटातली बिस्किटे
– चष्मा, लहान मुलांचे एक जोड कपडे, एक पातळ शाल (आत थंड हवा फार असते)

इस्त्री, पाणी तापवायची किटली, मेणबत्ती, लायटर, दारू या वस्तू तपासणीत काढून घेतात. म्हणून त्या घरीच ठेवाव्यात.

जेवणाचा हिशेब

पहिल्या दिवशी पोटाचा हिशेब चढण्याच्या वेळेवरून मांडावा.

वेळ अकरा-बाराची असेल तर सकाळी घरी पोहे-उपमा खाऊन निघावे आणि दुपारचे जेवण बोटीवर घ्यावे. वेळ एक-दीडची असेल तर बोटीवर जेवण मिळेल, पण रांगेत किती वेळ जाईल हे सांगता येत नाही. म्हणून अकरा-साडेअकराला काहीतरी पोटात घालावेच. वेळ दोनच्या पुढची असेल तर सरळ बाहेर पोटभर जेवून घ्यावे, बोटीवरचे मिळाले तर वरकड समजावे. मात्र बॅलार्ड इस्टेट हा कचेऱ्यांचा भाग आहे. रविवारी तिथे सामसूम असते. तेव्हा सीएसएमटीजवळच एखाद्या उडप्याकडे जेवून पुढे जावे. घरची भाकरी नेली असेल तर तपासणीच्या आधी, हॉलमध्ये बसून, ताठ मानेने खावी.

मधुमेह्यांनी त्या दिवशी गोळी किंवा इंजेक्शन कोणत्या वेळी घ्यावे हे डॉक्टरांना आधी विचारावे. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावे आणि बरे वाटताच जेवू घालावे. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही घालू नये, तात्काळ डॉक्टर बोलवावा.

बोटीवर गेल्यावर आधी खोली शोधत हिंडू नये. खोल्या बहुधा दुपारनंतर तयार होतात. हातपिशवी घेऊन सरळ जेवायला जावे. सगळेजण वरच्या मजल्यावरच्या बुफेकडे धावतात. खालच्या मजल्यावर टेबलावर वाढणारे भोजनगृह त्या दुपारी उघडे आहे का, हे विचारावे. असले तर तिथे गर्दी कमी असते आणि म्हाताऱ्या माणसांना ताट घेऊन उभे राहावे लागत नाही.

जेवणाआधी हात साबण-पाण्याने धुवावेत. बोटीवर उलट्या-जुलाबाची साथ पसरवणारा जो विषाणू असतो, तो बाटलीतल्या सॅनिटायझरने नीट मरत नाही. मग ताट न घेता एक फेरी मारून काय काय आहे ते पाहावे. शाकाहारी-मांसाहारी पदार्थ कुठे आहेत ते कळते. थोडे थोडे घ्यावे, पुन्हा घ्यायला कोणाची मनाई नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी वरण-भात, दही असे हलके खावे. बंदरात बोट हलत नाही, पण कुलाब्याच्या टोकापलीकडचे प्राँग्ज दीपगृह मागे पडले की खुला समुद्र लागतो. गोळी घ्यायची तर त्याआधी घ्यावी.

फुकट काय आणि पैशाचे काय, हेही पहिल्याच जेवणाला विचारून घ्यावे. बुफे आणि मुख्य भोजनगृह सहसा तिकिटात असते. थंड पेये, बाटलीतले पाणी, खास हॉटेले यांचे पैसे वेगळे पडतात. बोटीवर रोकड चालत नाही. खोली उघडायचे जे कार्ड मिळते, त्यावरच खर्च मांडला जातो. ते कार्ड मुलांच्या हाती मोकळे देऊ नये, आणि रोज रात्री हिशेब पाहावा. मोबाईलही बंदर सोडताना विमान मोडवर टाकावा, नाहीतर समुद्रावरच्या जोडणीचे बिल भलतेच येते.

भोंगा वाजला की

जेवण झाल्यावर, बोट सुटण्यापूर्वी, सर्वांना सुरक्षेची कवायत करावी लागते. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा ही धोक्याची खूण आहे. तो ऐकला की आपल्या कार्डावर लिहिलेल्या जागी जिन्याने जायचे, लिफ्टने नाही. अनेकजण याला कंटाळतात. आपण कंटाळू नये. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या घरांत अजून ती आठवण निघते. इटलीच्या किनाऱ्यावर १३ जानेवारी २०१२ रोजी कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट कलंडली आणि ३२ माणसे दगावली, तेव्हा नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला. २०१५ पासून बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी कवायत घेणे बंधनकारक आहे.

शेवटी एवढेच

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वेळेवर जेवायला गेलो. खिडकीजवळचे टेबल मिळाले. ताईने भावोजींचे ताट वाढून आणले. भावोजी जेवता जेवता म्हणाले, "गोदीत होतो तेव्हा क्रेनच्या सावलीत डबा खायचो. समोर बोटीच्या वरच्या मजल्यावर माणसे जेवताना दिसायची. त्यांच्या ताटात काय असेल, असे मनात यायचे." मग आपल्या ताटाकडे पाहून हसले. "वरण-भातच आहे की!"

बंधू-भगिनींनो, आपली मुले कष्टाच्या पैशाने आपल्याला अशा ठिकाणी पाठवतात. तिथे आपण कोणाचे पाहुणे नाही, पैसे भरलेले प्रवासी आहोत. नियम आधी माहीत करून घ्यावेत, माहीत नसेल ते न लाजता विचारावे आणि वेळेवर जेवावे.