हीमोग्लोबिन-एस आणि त्याच्या चाचण्यांचा अर्थ

रक्तातील प्रथिनांचे दोष स्थूलमानाने दोन प्रकारचे असतात. काहींत प्रथिनाचे प्रमाण बदलते, तर काहींत प्रथिनाची रचनाच बदललेली असते. दुसऱ्या प्रकारचे सुपरिचित उदाहरण म्हणजे सिकल सेल विकारास कारणीभूत होणारे हीमोग्लोबिन-एस होय.

या हीमोग्लोबिनाचा विद्युत्-भार प्राकृत हीमोग्लोबिन-ए पेक्षा निराळा आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. १९५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी त्याचे कारण स्पष्ट केले. बीटा शृंखलेतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच तो फरक. परंतु त्यामुळे प्राणवायू सोडल्यावर रेणू एकमेकांस चिकटून लांब तंतू बनतात. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि अकाली फुटतात.

भारतात लेहमान व कटबुश यांनी १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत हा गुणधर्म नोंदविला. १९५८ मध्ये नागपूरहून शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील त्याचे अस्तित्व प्रसिद्ध केले. महाराष्ट्रात तो मुख्यतः पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत व नंदुरबारकडे आढळतो. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया या जमातींप्रमाणेच काही अन्य समाजांतही त्याची नोंद आहे.

प्राथमिक तपासणीस विद्राव्यता चाचणी वापरतात. संहत फॉस्फेट द्रावणात तांबड्या पेशी फोडून सोडियम डायथायोनाइटने हीमोग्लोबिनातील प्राणवायू काढून घेतला जातो. हीमोग्लोबिन-एस असल्यास ते अविद्राव्य होऊन द्रावण गढूळ होते, व नळीमागील रेषा दिसेनाशा होतात. चाचणी स्वस्त व शीघ्र आहे; मात्र एस आहे एवढेच ती सांगते. वाहक आणि रुग्ण या दोघांचेही द्रावण गढूळच होते. नवजात बालकात हीमोग्लोबिन-एफचे आधिक्य व एसचे प्रमाण अल्प असल्याने बाधित बालकाचीही चाचणी नकारात्मक येऊ शकते.

यास्तव पुढची पायरी म्हणजे विद्युत्-संचारण. ८.६ पीएचच्या अल्कधर्मी द्रावणात हीमोग्लोबिन धनाग्राकडे सरकते. ग्लुटामिक अम्लाचा ऋण भार नाहीसा झाल्याने एस हे ए च्या मागे राहते. तथापि हीमोग्लोबिन-डीसुद्धा त्याच जागी थांबते. ही संदिग्धता दोन मार्गांनी दूर होते : डी ची विद्राव्यता चाचणी नकारात्मक असते, आणि आम्लधर्मी सायट्रेट अगारवर ते एस पासून अलग होऊन ए बरोबर जाते. प्रत्येक घटकाचे प्रमाण मोजण्यासाठी आज उच्च कार्यक्षमता द्रव वर्णलेखन ही पद्धती प्रचलित आहे.

प्रमाणावरूनच निदानाचा अर्थ लागतो. वाहकात ए चे प्रमाण एस पेक्षा अधिक असते. एकजिनसी रुग्णात ए नसते. एस व काही एफ आढळते. बीटा थॅलसीमियाचे जनुक सोबत असल्यास चित्र पालटते. ए अल्प प्रमाणात निर्माण होत असल्यास एस हे ए पेक्षा अधिक भरते. ए मुळीच निर्माण होत नसल्यास पट्टे एकजिनसी रुग्णासारखेच दिसतात. अशा वेळी पेशींचा आकार, ए-२ चे प्रमाण आणि आईवडिलांची तपासणी यांच्या आधारे निर्णय करावा लागतो. नुकतेच रक्त दिलेले असल्यास दात्याचे ए नमुन्यात मिसळते; म्हणून ती माहिती नमुन्यासोबत असणे अगत्याचे ठरते.

हा भेद केवळ शास्त्रीय नाही. वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी असते. तिला रुग्ण ठरविल्यास शिक्षण, नोकरी व विवाह यांत तिच्यावर अकारण शिक्का बसतो. उलट, दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्यास विकार होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहकत्व न कळल्यास ही पूर्वसूचना हुकते. १ जुलै २०२३ रोजी आरंभ झालेल्या राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियानामुळे तपासणीचा विस्तार झाला आहे. त्यामुळे अहवालाच्या अचूक वाचनाची जबाबदारीही वाढली आहे.

कोल्हापूर, सांगली व सातारा हे जिल्हे या विकाराच्या मुख्य पट्ट्याबाहेर आहेत. परंतु शिक्षण व उपजीविकेसाठी माणसे जिल्ह्यांच्या सीमा ओलांडतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांची जनुकेही. जेथे असा नमुना क्वचित येतो, तेथेच गढूळ नळी पाहून घाईने निष्कर्ष काढण्याचा धोका अधिक. विद्राव्यता चाचणी हा निदानाचा आरंभ आहे, निर्णय नव्हे. कोल्हापूरच्या प्रयोगशाळेतही ही मर्यादा अहवालात स्पष्टपणे नमूद होणे इष्ट आहे.